नोंदणी क्रमांक आधी विचारा

प्रश्न : आम्ही चोपडा तालुक्यातले. मुलगी १९ वर्षांची. हात धुण्यात तिचे दोन-दोन तास जातात, दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासते. डॉक्टरांनी मंत्रचळ सांगितला आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला दाखवा म्हणाले. जळगावात पाट्या बऱ्याच दिसल्या. कोणी समुपदेशक, कोणी मानसतज्ज्ञ. नेमकं कुणाकडे जायचं? – एक पालक

उत्तर : समुपदेशक अशी पाटी अल्प मुदतीचा कोर्स केलेली व्यक्तीही लावते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने सहसा एमएनंतर दोन वर्षांचं एम.फिल. रुग्णालयात राहून केलेलं असतं आणि त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असते. फोनवरच नोंदणी क्रमांक विचारा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर ताडून पाहा. नुसती प्रमाणपत्राची चौकट पाहून समाधान मानू नका. नोंदणीचं वेळोवेळी नूतनीकरण करावं लागतं. गोळ्या मात्र ते लिहून देत नाहीत, ते काम मानसोपचारतज्ज्ञाचं.

सुरुवात सरकारी दवाखान्यातून करा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मानसोपचारतज्ज्ञाबरोबर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचंही पद असतं. पद भरलेलं आहे का, ते कोणत्या वारी बसतात आणि तालुक्याच्या रुग्णालयात कधी येतात, हे आधी विचारा, नाहीतर एसटीची खेप फुकट जाते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या मानसोपचार विभागातही चौकशी करा.

माणूस सापडला की एकच प्रश्न महत्त्वाचा : मंत्रचळासाठी तुम्ही कोणती पद्धत वापरता? उत्तरात ‘एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन’ यायला हवं. म्हणजे भीती वाटते त्या गोष्टीला पायरीपायरीने हात लावायचा आणि लगेच धुवायचं नाही. नुसत्या गप्पांनी, धीर देण्याने हा आजार हटत नाही. साधारण १२ ते २० बैठका लागतात, आठवड्याला एक, पाऊण-एक तासाची. पहिल्या काही दिवसांत अस्वस्थता वाढते. इथेच बरीच घरं उपचार सोडतात. गोळ्यांचंही तसंच, पुरता गुण यायला ८ ते १२ आठवडे जातात.

आणखी एक घोळ घरातच होतो. ‘हात स्वच्छ आहेत का?’ असं तिने दहादा विचारलं आणि आपण दहादा ‘हो’ म्हटलं, की आजाराला खतपाणी मिळतं. म्हणून पहिल्या भेटीला आईवडिलांपैकी एकाने सोबत जावंच.

दर आठवड्याला जळगाव जमणार नसेल, तर पहिली तपासणी समोरासमोर करून पुढच्या बैठका व्हिडिओवर घेता येतील का, विचारा. घरात अहिराणी बोलत असाल तर तेही सांगा. मनातली भीती मुलगी ज्या बोलीत बोलते, ती समोरच्याला कळली पाहिजे.

‘जगावंसं वाटत नाही’ असं काही ती बोलली, तर बैठकीची वाट पाहू नका. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. रात्री-अपरात्री १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.