आजोबांची झडप आणि मुलीचं गणित

गोव्यातल्या चोडणहून एका आईने लिहिलंय: "मुलगी अकरावी सायन्सला आहे. तिच्या आजोबांची हृदयाची झडप छाती न उघडता मांडीतल्या धमनीतून बदलली, तेव्हापासून तिला हेच काम करायचंय. नीटसाठी गणित सोडू दे का? आणि ती शिकेपर्यंत हे सगळं यंत्रंच करू लागतील का?"

ताई, गणित सोडू देऊ नका.

'ग्रेडियंट कमी आहे' म्हणून डॉक्टर बरेच दिवस ठरवू शकत नव्हते, असंही तुम्ही लिहिलंय. तुमच्याकडची मानस आठवा, म्हणजे खाजन शेताच्या बांधातलं भरती-ओहोटीचं पाणी अडवणारं दार. दार अडकलेलं असताना खाजनात पाणी तुडुंब असेल तर ओहोटीला ते फटीतून जोरात, आवाज करत सुटतं. पाणीच थोडं असेल तर तेच अडकलेलं दार गप्प असतं. हृदयाचंही तसंच. ग्रेडियंट म्हणजे झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक; तो सरासरी ४० मिलिमीटर पारा किंवा जास्त भरला की आजार गंभीर मानतात. पण थकलेलं हृदय रक्तच कमी ढकलत असेल, तर झडप एक चौरस सेंटिमीटरहून अरुंद असूनही आकडा ४० च्या खाली राहतो. मग झडप खरंच किती अरुंद आहे हे ठरवायला डोब्युटामिन या हृदयाचा जोर वाढवणाऱ्या औषधाची ड्रिप लावून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करतात, सीटीवर झडपेतलं कॅल्शियम मोजतात.

गणित लागतं ते इथे. झडपेखालच्या वाटेचा व्यास २० ऐवजी १८ मिलिमीटर मोजला गेला, तर झडपेच्या क्षेत्रफळाच्या हिशेबात त्याचा वर्ग होतो आणि झडप १९ टक्के लहान दिसते. दोन मिलिमीटरची चूक!

२००२ साली फ्रान्समध्ये रुआं इथे आलँ क्रिबिए या डॉक्टरांनी छाती न उघडता महाधमनीची पहिली झडप बसवली. आता आपल्या शेजारी गुजरातेत वापीला त्या बनतात. पुढचं काम आहे जास्त टिकणाऱ्या पाकळ्यांचं, आणि झडप मध्यमच अरुंद पण हृदय कमजोर अशा कुठल्या रुग्णांना ती लवकर बसवून फायदा होईल, हे शोधण्याचं. मोजमापात संगणक येतोच आहे, पण छातीवर धरायच्या इकोच्या प्रोबचा कोन चुकला तर त्याच्या हाती चुकीचाच आकडा पडेल. त्यामुळे यंत्रांची भीती मला वाटत नाही.

डॉक्टरच व्हायचं तर एमबीबीएस, एमडी आणि हृदयरोगातलं डीएम मिळून साडेअकरा वर्षं, तीही प्रत्येक प्रवेश पहिल्या फटक्यात मिळाला तर. घरात हे आजच बोला. झडप घडवायची ओढ असेल तर फर्मागुडीच्या गोवा इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल करून पुढे क्लिनिकल इंजिनिअरिंगचा एम.टेक. आहे, आयआयटी मद्रास, वेल्लोरचं सीएमसी आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था मिळून तो चालवतात. याच श्री चित्राने देशी कृत्रिम झडप बनवली, १९९० मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली. इको आणि कॅथलॅब (जिथे रक्तवाहिनीतून नळी घालून हृदयावर उपचार करतात) यांतल्या कामासाठी कार्डियाक टेक्नॉलॉजीची बीएस्सीही आहे. या पदवीला कमी लेखू नका, ते दोन मिलिमीटर पुष्कळदा याच लोकांच्या हातात असतात.

आजोबांचा इको रिपोर्ट घरात असेल. तो तिच्यापुढे ठेवा, व्यास आणि क्षेत्रफळाचे आकडे तिला शोधू द्या. कुठे अडलं ते तिनेच मला लिहावं.