घरकामाच्या मावशींना पगारी सुट्टी आणि दिवाळीचा बोनस कायद्यानं द्यावा लागतो का?

तुम्ही विचारलंय की, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या तुमच्या घरी सहा वर्षं धुणं-भांडी करणाऱ्या मावशींनी महिन्याला चार पगारी सुट्ट्या आणि दिवाळीला एक पगार बोनस मागितलाय. सासूबाई म्हणतात, एकदा दिलं की उद्या सगळी गल्ली मागेल. कायदा काय सांगतो, हे तुम्हाला हवंय.

कायदा तुमच्या मावशींना फारसं काही देत नाही. महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण तो नोंदणी आणि सरकारी मदतीपुरता. पगार किती, सुट्टी किती, हे तो मालकाला सांगत नाही. कागल ओलांडून निपाणीला गेलात की तिथं वेगळं आहे, कर्नाटकानं २००४ मध्येच घरकामाला किमान वेतन ठरवून दिलं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०११ चा १८९ क्रमांकाचा करार घरकामगाराला आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी द्या म्हणतो. भारतानं त्याच्या बाजूनं मत दिलं, मंजुरी मात्र दिली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही केंद्राला समिती नेमून घरकामगारांच्या कायद्याचा विचार करायला सांगितलं. तो कायदा होईपर्यंत मावशींना सुट्टी मिळणार की नाही, हे तुमच्या घरातच ठरणार.

माझं उत्तर आहे, द्या. दोन्ही द्या.

माझी आई ताराबाई पार्कात चार घरची कामं करायची. तिथल्या एका घरात फ्रिजशेजारच्या कॅलेंडरवर दोन खुणा असायच्या. दूध आलं नाही की फुली, आई आली नाही की गोल. महिनाअखेरीला दोन्हींचा हिशेब एकाच बैठकीत व्हायचा. दूध आलं नाही तर त्याचे पैसे द्यायचे नाहीत, हे बरोबरच आहे. पण आई ताप आला म्हणून घरी राहिलेली असायची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी सुतारवाड्यात आमच्या घरात शिरलं आणि आम्ही शाळेत मुक्कामाला गेलो, त्या दिवसांचेही खाडे कापले गेले. त्याच घरातले साहेब नोकरीला होते. पुरामुळे त्यांचं ऑफिस बंद राहिलं, पगार पूर्ण आला. याचा मला आजही राग येतो.

सुट्टीचं म्हणूनच मी बोनसच्याही आधी सांगेन. ज्या बाईला पगारी सुट्टी नाही, ती आजारपण अंगावर काढते. मुलाच्या शाळेत पालकसभेला जात नाही. घरी तिला कोणी सुट्टी देत नाही, तुमच्याकडचं आटपून ती स्वतःच्या घरची भांडी घासते.

आता पगार. तुम्ही रोजच्या दीड तासाचे महिन्याला २,००० देता म्हणता. महिन्याचे ४५ तास झाले, म्हणजे तासाला ४५ रुपयेसुद्धा पडत नाहीत. आमच्या अपार्टमेंटमध्ये गाड्या पुसणारा मुलगा एका गाडीला रोज दहा मिनिटं देतो आणि महिन्याला ५०० घेतो. तासाला शंभर झाले. त्याच्याशी घासाघीस करताना मी कुणाला पाहिलं नाही. मुलगा जास्त घेतो असं मला म्हणायचं नाही, त्यानं घ्यावेतच. पण गाडी पुसणं हे काम धरलं जातं आणि भांडी घासणं हे ‘बायकांचं चालूच असतं’ यात जातं. घरच्या सुनेला त्याचे पैसे कधी मिळाले नाहीत, म्हणून बाहेरून येणाऱ्या बाईलाही कमीच द्यायचे, असा तो हिशेब आहे. आणि पगाराची बोलणी नेहमी दोन बायकांत होतात. मालक पेपर वाचत बसलेले असतात. या वेळी तुमच्या नवऱ्यालाही त्या बोलण्याला बसवा. घर दोघांचं आहे, मावशींचे मालकही दोघं आहात.

ठरेल ते एका कागदावर मराठीत लिहा, दोन प्रती करा. कोणती कामं, किती माणसांची, पगार किती, दर वर्षी वाढ किती, चार सुट्ट्या पगारी, आजारपणाच्या वेगळ्या. गौरी-गणपतीत पाहुणे आले की भांडी दुप्पट होतात, त्याचे जादा पैसे. तुम्ही गावाला गेलात तर तो मावशींचा खाडा नाही. काम सोडायचं किंवा सोडवायचं तर एक महिना आधी सांगायचं. मावशींना वाचता येत नसेल तर त्यांच्या मुलीसमोर वाचून दाखवा. सासूबाईंनाही या कागदाचा त्रास होणार नाही, कारण मावशी कधी येणार नाहीत हे आधी कळेल.

गल्ली मागेल म्हणता, तर मागू दे की! गल्लीतल्या बायकाही तेच काम करतात.

आणखी एक, २०१३ चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा घरकाम करणाऱ्या बाईलाही लागू आहे. घर हे तिचं कामाचं ठिकाण धरलं जातं. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत करायची, आणि तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर समितीला ती पोलिसांकडे पाठवावी लागते. हे मावशींना तुम्हीच सांगा. चार घरांत जाणाऱ्या बाईला ते माहीत असलं पाहिजे.

घरेलू कामगार कल्याण मंडळात त्यांची नोंदणी आहे का, तेही विचारा. १८ ते ६० वयाच्या घरकामगारांची नोंदणी होते. ५५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि नोंदणी चालू असलेल्या बाईला १०,००० रुपये सन्मानधन मिळतं. बऱ्याच जणींची नोंदणी नूतनीकरणाअभावी बंद पडलेली असते, तेव्हा तारीख बघा. अर्जाला मालकाचा दाखला लागतो आणि नेमक्या त्या सहीला लोक घाबरतात. त्या सहीनं तुमच्या मागे पीएफ लागत नाही. सही करा, आणि जमलं तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात त्यांच्याबरोबर एकदा जा, त्या दिवसाचा खाडा न धरता.