नेदरलँड्समधून जर्मनीला जाताना आनमेल्डुंगचं (तिथल्या सरकारी ऑफिसात पत्ता नोंदवण्याचं) बघ आधी
अरे सगळ्यात आधी एक लक्षात घे, तुझं डच रेसिडेन्स परमिट जर्मनीत चालत नाही, दोन्ही देश शेंगेनमध्ये (युरोपातल्या खुल्या सीमांच्या गटात) आहेत म्हणून फिरायला जाता येतं पण राहून नोकरी करायला जर्मन परमिटच लागतं. डच ब्ल्यू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणारं EU चं परमिट) असेल आणि त्यावर 12 महिने झाले असतील तर बरंच सोपं जातं, व्हिसा न काढता तिथे जाऊन अर्ज करता येतो.

निघायच्या आधीच्या 5 दिवसांत खेमेंटेला (डच नगरपालिकेला) कळवून तिथल्या नोंदणीतलं नाव काढ, हे बरेच जण विसरतात.

आता खरी गोष्ट घराची. घरात राहायला गेल्यापासून 14 दिवसांत आनमेल्डुंग करायचं असतं आणि त्याला नुसतं भाड्याचं अॅग्रीमेंट पुरत नाही, तू त्या घरात राहायला आलास असं सांगणारा, घरमालकाच्या सहीचा वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग नावाचा कागद लागतो. मी पहिलं घर घेतलं तेव्हा मालक सही द्यायला टाळाटाळ करत राहिला, आणि त्याच्याशिवाय माझं सगळंच अडकलं, म्हणून सांगतो, डिपॉझिट भरायच्या आधी हे विचारून घे, नाही म्हणाला तर ते घर सोड. मोठ्या शहरात आनमेल्डुंगची अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, तेव्हा घर पक्कं झालं की लगेच बुक कर, सकाळी सकाळी साइट बघत जा, रद्द झालेले स्लॉट दिसतात कधी कधी.

आणि हो, पत्रपेटीवर तुझं आडनाव लाव बाबा! टॅक्स आयडी पोस्टानेच येतो, नाव नसेल तर पत्र परत जातं.

आनमेल्डुंगच्या फॉर्मवर धर्म विचारतात, तोही नीट बघून भर, चर्चचा टॅक्स त्यावरूनच लागतो.