गाडीतलं ट्रॅक्शन आणि हाड मोडल्यावर लावतात ते ट्रॅक्शन, एकच का?

शब्द एकच, लॅटिनमधल्या ओढणे या अर्थाच्या शब्दातून आलाय, ट्रॅक्टर पण त्याच घरातला. गाडीच्या बाबतीत ट्रॅक्शन म्हणजे चाकाची रस्त्यावरची पकड, घर्षणामुळे मिळते ती. पावसात चिखलात बाईक अडकली की इंजिन बोंबलतं, चाक गरागरा फिरतं पण गाडी जागची हलत नाही, म्हणजे ताकद आहे पण ट्रॅक्शन नाही. रेल्वेत मात्र गाडी ओढायची अख्खी यंत्रणाच ट्रॅक्शन, १९२५ ला मुंबईत व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसी ट्रॅक्शनवर.

दवाखान्यात पकडबिकड काही नाही, तिथे सरळ ओढणंच. मांडीचं हाड मोडलं की आजूबाजूचे दणकट स्नायू आखडतात आणि हाडाची टोकं एकमेकांवर चढतात, पाय आखूड होतो, म्हणून दोरी, पुली आणि वजन लावून पाय हळूहळू खेचून ठेवतात. आमच्या काकांच्या कॉटखाली पायाकडच्या बाजूला विटा लावलेल्या, मला वाटलं कॉट मोडकीय 😄 पण वजनाने पेशंट खाली घसरू नये, त्याचंच अंग उलट्या बाजूने ओढ देईल म्हणून ते असतं. मानेला पण लावतात, फक्त यूट्यूब बघून घरी करू नका.