नावं झाकून वाच

चि. मुली, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पक्षाच्या विधी आघाडीचं तालुकाध्यक्षपद घ्यावं का, असं विचारलंस. घे. वकिलांनी राजकारणापासून लांब राहावं, असं मी कधीच मानलं नाही. पण माझ्या सिनियरांनी मला लावलेली एक सवय आधी तुला लावायची आहे.

ते निकालाची प्रत देताना पहिल्या पानावर कोरा कागद टाचणीनं लावत आणि आतली नावं शाईनं खोडत. वाचून मत सांगायचं, मगच कागद काढायचा. एकदा एका नगरसेवकाच्या अपात्रतेचा आदेश असाच वाचून मी म्हणालो, "हा टिकणार नाही, त्याला म्हणणं मांडायची संधीच दिलेली नाही." कागद निघाला. आदल्याच दिवशी बार रूममध्ये मी याच आदेशाचे पेढे खाल्ले होते, न वाचता. माणूस विरोधी पक्षातला होता ना! सिनियर एक शब्द बोलले नाहीत. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तुझ्या आघाडीत राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीचा, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याचा, विषय सतत निघेल. 1985 साली 52व्या घटनादुरुस्तीनं ती आली, आमदार-खासदारांची पळवापळवी थांबावी म्हणून. पक्ष सोडणारा अपात्र ठरतो का, याचा निवाडा सभागृहाच्या अध्यक्षांकडे दिला. 1992 साली किहोटो होलोहान प्रकरणात सुप्रीम कोर्टानं तीन विरुद्ध दोन मतांनी ते मान्य केलं. अल्पमतातल्या न्या. शर्मा आणि न्या. वर्मा यांची हरकत साधी होती: ज्यांची खुर्चीच सभागृहातल्या बहुमतावर टिकून आहे, ते या भांडणात तटस्थ कसे राहणार? मला आजही तीच बाजू पटते. 2020 मध्ये मणिपूरच्या प्रकरणात त्याच कोर्टानं, अपात्रतेचे अर्ज साधारण तीन महिन्यांत निकाली काढा, असं सांगितलं; हे काम अध्यक्षांकडून काढून स्वतंत्र लवादाकडे देण्याचा विचार संसदेनं करावा, असंही सुचवलं.

आपल्याकडे शिवसेनेच्या फुटीनंतरचे अर्ज 2022 चे. निकाल लागला 10 जानेवारी 2024 ला, तोही सुप्रीम कोर्टानं मुदत घालून दिल्यावर, आणि दोन्ही बाजूंचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. निकालाबद्दल तुझं नि माझं मत वेगळं असेल, असू दे. पण इतका उशीर तुझ्या पक्षाच्या पथ्यावर पडला की मुळावर आला, हे बाजूला ठेवून तो चूक होता असं तुला बैठकीत म्हणता येईल का? ते आधी स्वतःशी ठरव.

न्यायाधीशांची गोष्ट वेगळी, कारण त्यांच्यावर पक्षादेश नसतो. भीती आणि बढती मात्र असते. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्यांना सुटकेसाठी कोर्टात दाद मागता येते का, हा जबलपूर खटल्यातला प्रश्न. सुप्रीम कोर्टातल्या त्या सुनावणीत न्या. हंसराज खन्नांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं, पोलिसानं वैयक्तिक वैरातून कुणाला ठार मारलं तर दाद कुठे मागायची? आणीबाणी आहे तोवर कुठेच नाही, असं उत्तर आलं. तरीही 28 एप्रिल 1976 ला पाचांपैकी चार न्यायाधीश सरकारच्या बाजूनं गेले. खन्ना एकटे विरोधात. जानेवारी 1977 मध्ये त्यांना डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश केलं, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला.

त्या चौघांत आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. मोठे विद्वान, पुढे सात वर्षांहून जास्त काळ सरन्यायाधीश. 'आपला माणूस' म्हणून मी कित्येक वर्षं त्या निकालासाठी सबबी शोधत राहिलो. 2017 च्या खासगीपणाच्या निकालात त्यांच्याच चिरंजीवांनी, न्या. धनंजय चंद्रचूडांनी, तो चुकीचा होता असं स्पष्ट लिहिलं. पोटच्या मुलाला जे जमलं, ते मला जमलं नव्हतं. ते वाचल्यावर मी त्या सबबी सोडल्या.

सोबत तीन राज्यांतल्या अध्यक्षांचे तीन आदेश पाठवतो आहे. नावं मी खोडली आहेत, पहिल्या पानांवर कागद लावला आहे. टाचण्या काढू नकोस. प्रत्येकावर चार ओळी लिहून रविवारी घरी ये. कोण कोणत्या पक्षाचं ते तेव्हा बघू.

तुझा,
काका