पहिल्या घराची बाथरूम: पैसा आधी फरशीखाली घाल

नव्या घराबद्दल मनापासून अभिनंदन! टाइल्सच्या दुकानात शिरण्याआधी बजेटमधले १५ टक्के बाजूला काढ आणि त्यांना हात लावू नकोस. जुनी फरशी उखडल्यावर खाली काय निघेल, ते मिस्त्रीलाही आधी सांगता येत नाही.

वॉटरप्रूफिंगमध्ये काटकसर अजिबात नको. आमच्याकडे मिस्त्रीने घाई केली, मीही गप्प बसले. तीन महिन्यांत खालच्या काकूंच्या छतावर पिवळट डाग उमटला आणि नवी कोरी फरशी फोडावी लागली. फार वाईट वाटलं होतं. म्हणून सांगते, वॉटरप्रूफिंगचं कोटिंग नीट वाळलं की ट्रॅपचं, म्हणजे जाळीखालच्या निचऱ्याच्या भांड्याचं, तोंड बंद करून निदान ४८ तास पाणी तुंबवून ठेव. खाली जाऊन छत स्वतः बघून ये. मगच फरशी. ती बसली की बादलीभर पाणी ओत. सगळं जाळीकडे वाहिलं पाहिजे, कोपऱ्यात थांबता कामा नये.

कन्सील्ड, म्हणजे भिंतीत दडवलेले, पाइप बुजवण्याआधी प्रेशर टेस्ट (दाबाने पाणी भरून गळती तपासणं) करून घे आणि मोजायची टेप धरून फोटो काढ. पुढे टॉवेल रॉडसाठी ड्रिल मारताना पाइप वाचेल. टाइल्स १० टक्के जास्त घे, एकाच बॅचच्या. गिझरचा १६ अँपिअरचा पॉइंट आत्ताच काढून घे. भारी शॉवर, आरसा वर्षभराने घेतलास तरी चालेल.