कॅनन आर७ कॅमेरा आत्ता घेऊ की त्याची नवी आवृत्ती मार्क टू येईपर्यंत थांबू? पक्ष्यांचे फोटो काढायचेत, बजेट मर्यादित आहे.

थांबू नका. मार्क टूच्या अफवा कधीपासून चालल्यात, पण अफवेवर फोटो निघत नाहीत आणि भिगवणचे फ्लेमिंगो काही लाँचची वाट बघत बसणार नाहीत.

आधी लेन्सचं ठरवा, बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, दोन-चार वर्षांत जुनी होते पण चांगली लेन्स पुढच्या बॉडीवरही चालते. कॅननची आरएफ १००-४०० एमएम लेन्स घ्या, वजन फक्त ६३५ ग्रॅम, आर७ च्या क्रॉप, म्हणजे छोट्या सेन्सरवर ती ६४० एमएमसारखी दिसते, एक गोष्ट मात्र आहे की ४०० ला अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र) एफ ८, म्हणजे लहान असतं त्यामुळे अगदी पहाटे आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) खूप वर जातो आणि फोटो दाणेदार येतो, ऊन आलं की मस्त.

आर७ २०२२ चा आहे, त्याची खरी अडचण एकच, इलेक्ट्रॉनिक शटरवर उडत्या पक्ष्याचे पंख वाकडे येतात कारण सेन्सर हळू वाचला जातो. मेकॅनिकल (खऱ्या पडद्याच्या) शटरवर ठेवा, तिथेही सेकंदाला १५ फ्रेम मिळतात, भरपूर झाल्या.

पैसे कमी पडत असतील तर बॉडी सेकंडहँड घ्या, पण घेताना मेकॅनिकल शटरवर सलग फोटो काढून बघा आणि सेन्सरवर ओरखडे नाहीत ना ते तपासा. कॅननच्या डीएसएलआरच्या जुन्या ईएफ लेन्स पडून असतील तर अ‍ॅडॉप्टरवर त्याही चालतील.